वाटते ते आणि घड्याळ सांगते ते

कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली तर प्रोग्रामरचे काम किती लवकर होते? २०२५ च्या पूर्वार्धात अमेरिकेतील ‘एमईटीआर’ या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरना घेऊन हा प्रश्न तपासला. हे शिकाऊ उमेदवार नव्हते. ज्या मोठ्या मुक्त-स्रोत प्रकल्पांवर ते काम करीत होते, त्यांत प्रत्येकाची सरासरी पाच वर्षे गेली होती. त्यांनी आपल्याच प्रकल्पांतील खरीखुरी कामे पुढे ठेवली. अशी २४६ कामे जमली. मग प्रत्येक कामासाठी जणू नाणेफेक झाली. या कामाला एआय वापरण्याची मुभा, त्या कामाला नाही. सुरुवातीला या मंडळींचा अंदाज होता, की एआयमुळे वेळ २४ टक्के वाचेल. सगळे आटोपल्यावर पुन्हा विचारले, तेव्हा त्यांचे मत पडले, की साधारण २० टक्के वाचला. नोंदी मात्र सांगत होत्या, की एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के वेळ जास्त लागला.

वेळ वाचतो की वाढतो, हा वाद चालू राहील. ही साधने दर काही महिन्यांनी बदलतात आणि एका प्रयोगाने निकाल लागत नसतो. पण या प्रयोगातली धक्कादायक गोष्ट वेगळीच आहे. आपल्या कामात मुरलेल्या माणसाला, ते काम नुकतेच हातावेगळे झालेले असताना, आपला वेग वाढला की घटला एवढेही नीट सांगता आले नाही. अंदाज थोडाफार चुकला असता तर ते समजण्यासारखे होते. इथे दिशाच उलटी निघाली.

आजाराच्या बाबतीत आपण हे फार पूर्वी शिकलो. ‘मला त्या काढ्याने बरे वाटले’ हे एखाद्याचे म्हणणे खोटे नसते, पण तेवढ्यावर औषध सिद्ध होत नाही. सर्दी तशीही आठवड्याने बरी होणार असते. म्हणून नवे औषध बाजारात येण्याआधी चाचण्या मागितल्या जातात. सॉफ्टवेअरच्या जगात मात्र ‘आमच्या पद्धतीने चुका निम्म्यावर येतात’, ‘या भाषेत लिहिले तर प्रोग्राम कोसळत नाही’, ‘दोघांनी मिळून लिहिले तर दर्जा सुधारतो’ असे दावे अनेक दशके होत आले आणि पुष्कळदा कंपन्यांनी ते केवळ ऐकीव माहितीवर स्वीकारले. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील औषध सोडणारा पंप, हे सारे या दाव्यांवर उभे असते. या दाव्यांची औषधांसारखीच चाचणी मागणारी शाखा म्हणजे एम्पिरिकल सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग. मराठीत तिला अनुभवाधिष्ठित सॉफ्टवेअर अभियांत्रिकी म्हणता येईल, पण त्या ‘अनुभव’ शब्दाने घोटाळा होण्याची भीती आहे. ‘माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो’ या अर्थाचा अनुभव इथे अभिप्रेत नाही. उलट तोच तपासून पाहायचा आहे. निरीक्षण, मोजमाप आणि प्रयोग यांतून जे हाती लागते, त्याला इथे अनुभव म्हणायचे.

या शाखेची परिभाषा बरीचशी वैद्यकाच्या आणि मानसशास्त्राच्या घरातून उसनी आणलेली आहे. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यविशारदाने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबे. बाकीचा आहार सर्वांना सारखाच. संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर उठून कामाला लागले. आजच्या भाषेत सांगायचे, तर लिंडने बदलली ती गोष्ट म्हणजे उपाय. तो ‘स्वतंत्र चल’. त्यामुळे बदलेल असे वाटले ती गोष्ट म्हणजे प्रकृती. ती ‘अवलंबी चल’. ‘आंबट फळांनी स्कर्व्ही बरा होतो’ हे तपासायचे विधान म्हणजे ‘गृहीतक’. आणि बाकी सारे सारखे ठेवण्याची खटपट म्हणजे ‘नियंत्रण’.

प्रोग्रामरच्या प्रयोगातही हेच. एआय हा स्वतंत्र चल, लागलेला वेळ हा अवलंबी चल. आता समजा नाणेफेक केलीच नसती आणि एआय केव्हा वापरायचे ते प्रोग्रामरवरच सोपवले असते. बहुतेकांनी सोपी, सरधोपट कामे एआयकडे ढकलली असती आणि किचकट कामे स्वतःकडे ठेवली असती. मग एआयची कामे झटपट झालेली दिसली असती. पण ती एआयमुळे झाली, की मुळातच सोपी होती म्हणून? असा तिसराच घटक मध्ये घुसून दोन्हींवर परिणाम करतो, तेव्हा त्याला ‘गोंधळकारक घटक’ म्हणतात. नाणेफेक, म्हणजे यादृच्छिक वाटणी, ही त्यावरची आजवर सापडलेली सर्वांत स्वस्त लस आहे. प्रयोगात दिसलेला फरक खरोखर त्या उपायामुळेच आला, असे छातीठोकपणे म्हणता आले, की त्या प्रयोगाला ‘अंतर्गत वैधता’ आहे असे म्हणतात.

‘बाह्य वैधता’ ही वेगळी गोष्ट. प्रयोगात जे दिसले, ते प्रयोगाबाहेर कितपत लागू पडते? एमईटीआरच्या आधी, २०२३ साली, मायक्रोसॉफ्ट, गिटहब आणि एमआयटी येथील संशोधकांनी ९५ प्रोग्रामरवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काम एकच होते. जावास्क्रिप्ट भाषेत एक छोटा वेब सर्व्हर शून्यातून लिहायचा. गिटहबचा ‘कोपायलट’ हा एआय सहायक मिळालेल्या गटाने ते ५५.८ टक्के कमी वेळात केले. एका प्रयोगात निम्म्याहून अधिक वेळ वाचला, दुसऱ्यात उलट जास्त लागला. यांतला एक खोटा असलाच पाहिजे असे नाही. एकात कोऱ्या पाटीवर लिहायचे नेहमीच्या साच्यातले काम होते. दुसऱ्यात लाखो ओळींच्या जुन्या वाड्यात, जिथली प्रत्येक खुंटी माहीत आहे अशा माणसाने करायची दुरुस्ती. पहिल्या प्रयोगातल्या काही संशोधकांची कंपनीच ते साधन विकते, हेही वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. औषध कंपनीने स्वतः केलेल्या चाचणीकडे आपण त्याच नजरेने पाहतो.

तिसरी वैधता सर्वांत घसरडी. जे मोजायचे आहे तेच आपण मोजतो आहोत का? प्रोग्रामरची उत्पादकता मोजायची म्हणून पुष्कळ वर्षे कोडच्या ओळी मोजल्या गेल्या. १९८२ साली ॲपल कंपनीत व्यवस्थापकांनी प्रत्येकाने आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरून घ्यायला सुरुवात केली. बिल ॲटकिन्सन हे तिथले नामांकित प्रोग्रामर. त्यांनी त्या आठवड्यात चित्र रेखाटणाऱ्या प्रोग्रामचा एक भाग नव्याने लिहून तो कित्येक पटींनी वेगवान केला होता आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी तक्त्यात लिहिले: उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांना तो तक्ता भरायला सांगणे बंद झाले. ओळी म्हणजे उत्पादकता नव्हे, हे इतक्या थोडक्यात कोणा संशोधकाला सांगता आलेले नाही. अप्रायझलच्या मोसमात सोडवलेल्या तिकिटांची संख्या मोजणाऱ्यांनीही ही गोष्ट ऐकून ठेवायला हरकत नाही.

या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली आख्यायिका अशाच एका आकड्याची आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरॉल्ड सॅकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या काळी दोन पद्धती होत्या. एक तर प्रोग्राम संगणक केंद्रावर देऊन यायचा आणि निकालाची वाट पाहायची, किंवा टर्मिनलवर बसून थेट संगणकाशी बोलायचे. यांतली कोणती बरी, हे सॅकमन यांना तपासायचे होते. त्यासाठी त्यांनी १२ अनुभवी प्रोग्रामर घेतले. लिंडचे खलाशीही बाराच होते, हा निव्वळ योगायोग. निबंधात जाता जाता एक निरीक्षण होते, की एका कामातील चुका शोधून दुरुस्त करायला सर्वांत संथ प्रोग्रामरला सर्वांत चपळ प्रोग्रामरच्या २८ पट वेळ लागला. मूळ प्रश्न लोक विसरले, २८ लक्षात राहिले. चांगला प्रोग्रामर साधारण प्रोग्रामरच्या दसपट काम करतो, ही आजही भरतीच्या वेळी ऐकू येणारी समजूत ज्या पायांवर उभी आहे, त्यांतला हा एक.

पण हे अंतर काढताना थेट टर्मिनलवर काम करणारे आणि निकालाची वाट पाहणारे एकाच रांगेत उभे केले होते. सोप्या, उच्चस्तरीय भाषेत लिहिणारे आणि यंत्रभाषेत लिहिणारेही एकत्र केले होते. म्हणजे सायकलवाला आणि पायी चालणारा यांच्या वेळांची तुलना करून ‘माणसामाणसांत केवढा फरक!’ म्हणण्यासारखे. १९८१ साली ही चूक दाखवून देण्यात आली, पण आख्यायिका काही मेली नाही. १९९९ मध्ये जर्मनीतील लुत्स प्रेखेल्ट यांनी ६१ प्रयोगांतील वेळांच्या नोंदी गोळा करून पुन्हा हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे असे, की २८ हा आकडा चुकीचा तर आहेच, पण सर्वांत संथ आणि सर्वांत चपळ अशा दोनच माणसांची तुलना मुळातच दिशाभूल करते. गट जितका मोठा, तितकी त्यात एखादी टोकाची व्यक्ती सापडण्याची शक्यता जास्त. प्रोग्रामरमध्ये फरक नसतो असे यातून निघत नाही. फरक असतो, आणि बराच असतो. म्हणूनच तर प्रयोगात गटांची वाटणी जपून करावी लागते, नाहीतर उपायाचा परिणाम बाजूला राहतो आणि माणसांतला फरकच मोजला जातो.

या शाखेला शिस्त लावण्याचे मोठे काम नासाच्या गोडार्ड अवकाश केंद्रात झाले. १९७६ साली तिथे मेरीलँड विद्यापीठ आणि एक खासगी कंपनी यांच्यासह सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग लॅबोरेटरी उभी राहिली. उपग्रहांसाठी खरोखर लागणारे प्रोग्राम लिहिणारी माणसे रोज फॉर्म भरत. कशावर किती तास गेले, कोणती चूक सापडली, ती कुठे आणि कशी शिरली. विद्यापीठातील व्हिक्टर बॅसिली यांनी त्यातून एक साधा दंडक घालून दिला. आधी हेतू ठरवा, त्यातून प्रश्न काढा आणि त्या प्रश्नांचे उत्तर देतील अशीच मापे घ्या. उलट्या टोकाने, म्हणजे ‘काय काय मोजता येते ते मोजू या’ इथून, सुरुवात केली तर आकड्यांचा ढीग होतो आणि हाती काही लागत नाही. रोगाची शंका ठरण्याआधीच सगळ्या रक्ततपासण्या लिहून देण्यासारखे ते आहे.

बॅसिली आणि रिचर्ड सेल्बी यांचा १९८७ सालचा एक प्रयोग अजून अभ्यासक्रमांत शिकवला जातो. प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या तीन रीती त्यांनी तोलून पाहिल्या. प्रोग्राम आतून न बघता वेगवेगळी माहिती देऊन उत्तरे पाहणे, आतल्या प्रत्येक वाटेवरून तो चालवून पाहणे आणि तिसरी म्हणजे यंत्राला हातही न लावता नुसते वाचणे. ७४ जण सहभागी होते. त्यांतले ३२ व्यावसायिक, बाकीचे विद्यार्थी. प्रत्येकाने तिन्ही रीती वापरल्या, पण वेगवेगळ्या प्रोग्रामवर. त्यामुळे प्रत्येक माणूस स्वतःचाच नियंत्रण गट झाला आणि माणसामाणसांतला फरक हिशेबातून निघून गेला. व्यावसायिकांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका सापडल्या त्या नुसत्या वाचण्यातून. खर्चिक साधने विकत घेणाऱ्यांना हा निष्कर्ष फारसा रुचण्यासारखा नव्हता.

विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग हे या शाखेचे जुने दुखणे आहे. प्राध्यापकाच्या हाताशी वर्ग असतो. पगारदार प्रोग्रामरला दिवसभर बसवून ठेवायला पैसे लागतात. नॉर्वेतील डाग स्योबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते २००२ या दशकातील ५,४५३ शोधनिबंध चाळले, तेव्हा नियंत्रित प्रयोगांचे वर्णन असलेले अवघे १०३ निबंध निघाले. त्यांत भाग घेतलेल्यांपैकी व्यावसायिक होते सुमारे ९ टक्के. विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष सरसकट टाकाऊ नसतात. पण दोन तासांत संपणाऱ्या गृहपाठावरून दोन वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाबद्दल बोलताना जीभ जपून वापरावी लागते.

म्हणूनच नॉर्वेतल्याच संशोधकांचा २००७ सालचा प्रयोग विशेष मानला जातो. एका संगणकासमोर दोघांनी बसून मिळून प्रोग्राम लिहायचा, या पद्धतीचा तेव्हा मोठा बोलबाला होता. नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन येथील २९ कंपन्यांतून पैसे मोजून २९५ व्यावसायिक आणले गेले. ९९ जण एकेकटे, उरलेल्यांच्या ९८ जोड्या. एकंदरीत जोड्यांना वेळ ८ टक्के कमी लागला, बिनचूक उत्तरे ७ टक्के जास्त आली. पण हे दोन्ही फरक इतके लहान, की ते निव्वळ योगायोगानेही पडू शकले असते. माणूसतास मात्र ८४ टक्क्यांनी वाढले, कारण प्रत्येक तासाला दोघांचा पगार. ‘म्हणजे जोडी नको’ असे म्हणावे, तर आकडे वेगळे करून पाहिल्यावर चित्र पालटते. गुंतागुंतीच्या प्रोग्रामवर जोड्यांची बिनचूक उत्तरे ४८ टक्क्यांनी वाढली होती. सोप्या प्रोग्रामवर वेळ २० टक्के वाचला, पण बिनचूकपणा वाढला नाही. ‘जोडी चांगली की एकटा?’ हा प्रश्नच अपुरा होता. कोणत्या कामाला आणि कोणाला, हे विचारायला हवे होते. औषधाची मात्रा वय आणि वजन पाहून ठरते, तसेच.

प्रयोगाखेरीज दुसरी वाट म्हणजे आधीच पडून असलेल्या नोंदी उपसणे. गिटहबसारख्या संकेतस्थळांवर कोट्यवधी बदलांचा इतिहास उघडा आहे. २०१४ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तिथले ७२९ प्रकल्प आणि १७ भाषा घेऊन कोणत्या भाषेत चुका जास्त होतात याचा हिशेब मांडला. काही भाषा उजव्या ठरल्या, काही डाव्या. परिणाम लहान आहे, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. पण भाषांवरून भांडणाऱ्यांना तेवढे वाचायला सवड कुठली? पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने तीच माहिती पुन्हा तपासली. या तपासणीला ‘पुनरुत्पादन’ म्हणतात. नवी माहिती गोळा करून तोच अभ्यास पुन्हा करणे ही ‘पुनरावृत्ती’, आणि तीच माहिती पुन्हा तपासणे हे ‘पुनरुत्पादन’. दोन्ही कामे वरकरणी कंटाळवाणी आहेत, पण ती झाली नाहीत तर पहिला निष्कर्ष एकाच डॉक्टरच्या मतासारखा राहतो.

या दुसऱ्या गटाला गंमत सापडली. टाइपस्क्रिप्ट ही भाषा जाहीर झाली २०१२ मध्ये, पण नोंदींत तिच्यात केलेले बदल २००३ पासूनचे दिसत होते! भाषा जन्मण्याच्या नऊ वर्षे आधी तिच्यात कोण लिहीत होते? उलगडा साधा होता. टाइपस्क्रिप्टच्या फायलींच्या नावाला जे शेपूट असते, तेच दुसऱ्या एका प्रणालीत अनुवादाच्या फायलींना असते. त्या फायलींत प्रोग्राम नव्हताच, मेनूवरील शब्दांचे वेगवेगळ्या मानवी भाषांतले अनुवाद होते. आणखी एक घोळ होता. कोणता बदल चूक दुरुस्त करण्यासाठी केला, हे बदलासोबतच्या टिपणात ‘फिक्स’सारखे शब्द शोधून ठरवले होते. पण ‘इन्फिक्स’ या वेगळ्याच तांत्रिक शब्दातही ‘फिक्स’ सापडतो. ‘चूक’ शोधायला जावे आणि प्रत्येक ‘अचूक’ची चुकीत गणती व्हावी, असला प्रकार. हे सारे निस्तरल्यावर आधी लक्षणीय ठरलेल्या ११ भाषांपैकी चारच उरल्या आणि त्यांचाही परिणाम अगदी किरकोळ. मूळ संशोधकांनी या टीकेला लेखी उत्तर दिले. वाद मिटलेला नाही, पण आता तो निदान नेमका कशावर आहे हे कळते.

‘लक्षणीय’ हा शब्द इथे फसवा आहे. संख्याशास्त्रात लक्षणीय म्हणजे ‘निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसणे अवघड’, एवढेच. तो फरक महत्त्वाचा आहे की नाही, हे वेगळे माप सांगते. त्याला ‘परिणामाचा आकार’ म्हणतात. माहिती कोट्यवधी असली, की कवडीमोल फरकही लक्षणीय ठरतो. रक्तदाब अर्ध्या अंकाने कमी करणारी गोळी लक्षणीय ठरू शकते, पण ती कोणी घेत नाही. शिवाय अशा उपसलेल्या माहितीतून दिसतो तो सहसंबंध. एखाद्या भाषेत चुका जास्त असतील, तर दोष भाषेचा की त्या भाषेत लिहिल्या जाणाऱ्या कामांचा, हे नाणेफेकीशिवाय सांगणे कठीण.

एकेका अभ्यासावर विसंबू नये, सगळे गोळा करून ठरलेल्या शिस्तीने चाळावेत, हा वैद्यकातला पुराव्याधिष्ठित विचार २००४ साली बार्बरा किचनहॅम, तोरे दिबो आणि माग्ने यॉर्गनसेन यांनी सॉफ्टवेअरमध्ये आणला. वैद्यकापासून शिकताना एक अडचण मात्र त्यांनीही मान्य केली. गोळी घेणाऱ्या रुग्णाला ती खरी की नुसती साखरेची, हे कळू न देता येते. प्रोग्रामरला नवी पद्धत शिकवून ती त्याच्यापासून लपवायची कशी?

जिथे प्रयोग शक्यच नसतो किंवा करणे अमानुष ठरेल, तिथे उरतो तो प्रकरण-अभ्यास. एकच घटना घ्यायची आणि तिचे सगळे धागे उलगडायचे. या शाखेत सर्वाधिक वाचला गेलेला असा अभ्यास नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांचा १९९३ सालचा, थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राचा. कॅनडातील एईसीएल कंपनीची अशी ११ यंत्रे अमेरिका आणि कॅनडात बसवलेली होती. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रारण मिळाले आणि किमान तिघांचा मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांत चुकीचा किरण अडवणारी स्वतंत्र यांत्रिक आणि विद्युत कुलुपे होती. या नव्या यंत्रात ते काम मुख्यतः सॉफ्टवेअरवर सोपवले होते. १९८३ च्या सुरक्षा अहवालात संगणकाने चुकीची ऊर्जा निवडण्याची शक्यता दिलेली होती: दहा हजार कोटींत एक. हा आकडा कशावरून आला याचे स्पष्टीकरण कुठेच नव्हते.

टेक्सासमधील टायलर येथील केंद्रात मार्च १९८६ मध्ये एका रुग्णाला उपचारादरम्यान जबर चटका बसला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. कंपनीचे अभियंते आले, त्यांनी यंत्र तपासले, बिघाड पुन्हा काही झाला नाही. यंत्र परत सुरू झाले. एप्रिलमध्ये तीच ऑपरेटर, तोच संदेश आणि दुसरा रुग्ण. या वेळी केंद्रातील भौतिकतज्ज्ञाने यंत्र बंद केले आणि ऑपरेटरला शेजारी बसवून, तिने नेमके काय टाइप केले होते ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. अखेर बिघाड हुकमी घडवता येऊ लागला. तिने एक्स-रेसाठीचे अक्षर चुकून टाइप केले होते आणि लगेच वर जाऊन ते बदलले होते. सरावाने तिचा हात इतका चालत होता, की यंत्रातली चुंबके जागेवर यायला लागणाऱ्या आठ सेकंदांच्या आतच दुरुस्ती पूर्ण होई आणि ती सॉफ्टवेअरच्या लक्षातच येत नसे. सावकाश टाइप केले तर सगळे ठीक. कंपनीच्या अभियंत्यालाही वेगाने टाइप करायला सांगितल्यावरच बिघाड दिसला.

ही बातमी शिकागोतील एका केंद्रात पोचली, तेव्हा तिथल्या भौतिकतज्ज्ञाला एक जुने कोडे आठवले. त्यांच्याकडे आधीचे थेरॅक-२० होते आणि विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली, की त्या यंत्राचे फ्यूज उडू लागत. मुले सरावली, की काही आठवड्यांनी ते थांबे. नवी मुले यंत्रावर कशीही बटणे दाबून पाहत. त्याने ती धांदल मुद्दाम करून पाहिली आणि तीच चूक थेरॅक-२० च्या सॉफ्टवेअरमध्येही निघाली. त्या यंत्रात स्वतंत्र संरक्षक मंडले होती, म्हणून तिथे फ्यूज उडाला. थेरॅक-२५ मध्ये ती ठेवलेली नव्हती.